मारव्यातला न लावलेला पंचम

एका तरुण लेखकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी सोलापूरच्या पार्श्वभूमीवर एक अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली आहे. नायक शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा आहे. वडिलांचा हात मागात सापडला, भरपाई बुडवण्यासाठी कागद फिरवले गेले आणि वडील खचून वारले. मुलगा एका वृद्ध गुरूकडून मंतरलेले संगीत शिकतो आणि पाच माणसांचा एकेक करून सूड घेतो. ज्यांना हस्तलिखित वाचायला दिले ते पहिल्या मृत्यूला थरारले, पण तिसऱ्यापर्यंत कंटाळले. गाणे जाणणारे दोन मित्र तर एका वाक्यावर चक्क हसले. ते वाक्य असे होते: ‘त्याने मारव्याचा पंचम लावला आणि दालनातले सगळे दिवे विझले.’ ही जादू खरी कशी वाटावी आणि कंटाळा का येतो, असे लेखकाने विचारले आहे.

गेली ३८ वर्षे मी सोलापुरात गाणे शिकवतो, लोकांच्या तंबोऱ्यांची जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलवणारी जुळणी, लावून देतो आणि अधूनमधून अद्भुतकथाही लिहितो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या परिचयाच्या आहेत आणि उत्तरही मी दोन्ही बाजूंनी देणार आहे.

आधी मित्र का हसले ते पाहू. मारवा हा संध्याकाळचा राग आणि त्यात पंचम, म्हणजे ‘प’, नसतो. षड्जाखेरीज (सा) कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म) आणि शुद्ध गंधार (ग), धैवत (ध), निषाद (नी) हे त्याचे स्वर. सारा भार रिषभ-धैवतावर असतो आणि षड्ज शक्यतो टाळत टाळत गायचा असतो. हेच स्वर पूरिया आणि सोहनी या रागांतही आहेत, पण पूरिया खालच्या, मंद्र सप्तकात रमतो, सोहनी वरच्या, तार सप्तकाकडे झेपावते आणि मारवा मध्येच ताटकळत उभा राहतो. सूर्य बुडताना ऐकला तर पोटात कालवाकालव होते. मारव्यात पंचम लावणारा गायक मांत्रिक ठरत नाही, त्याचा राग चुकलेला असतो. म्हणून मित्र हसले आणि त्यांचे काही चुकले नाही.

तरीही ते वाक्य खोडू नका, असे मी आग्रहाने सांगतो. तुमच्या कादंबरीतली सर्वांत मौल्यवान गोष्ट त्या चुकीतच आहे. फक्त तो पंचम नायकाने ‘लावायचा’ नाही. तो कोणीही न लावता ऐकू यायला हवा, आणि तंबोऱ्यात असे खरोखरच घडते.

तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार सेकंदाला १२० कंपने करीत आहे असे धरा. त्या एका तारेच्या पोटात २४०, ३६०, ४८०, ६०० अशा कंपनांचे स्वरही दडलेले असतात. २४० म्हणजे वरचा षड्ज, ३६० म्हणजे त्याचा पंचम, ४८० म्हणजे पुन्हा षड्ज आणि ६०० म्हणजे गंधार. हाच तो स्वयंभू गंधार, जो कोणी छेडत नाही आणि तरीही चांगल्या तंबोऱ्यात लख्ख ऐकू येतो. मारवा गाताना आपण पहिली तार पंचमातून काढून निषादात किंवा धैवतात मिळवतो, म्हणजे पंचमाला घराबाहेर काढतो. पण तो पुरता बाहेर जात नाही, षड्जाच्या तारेत लपून राहतो. गायक त्याच्याकडे लक्ष देत नाही, श्रोत्यालाही त्याची जाणीव नसते. ज्याला रीतसर हाकलून दिले आहे, कागदोपत्री ज्याचे नावही उरलेले नाही आणि तरीही जो घरातच आहे, असा स्वर म्हणजे तुमच्या नायकाचे वडीलच नाहीत का? कागद फिरवून ज्या माणसाला नाहीसे केले गेले, तो रागाबाहेरचा पंचम होऊन परत येतो. यापेक्षा वेगळे मंत्र-तंत्र तुम्हाला शोधावे लागणार नाहीत.

आता जवारीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या जादूचे सगळे यंत्र तिथे आहे. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर अलगद घासते आणि तिच्या पोटातले वरचे स्वर मोकळे होतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. जवारी लावायला बसलो की मी एका हाताने तार छेडत राहतो आणि दुसऱ्या हाताने तो दोरा केसभर पुढे, केसभर मागे असा सरकवतो. आधी आवाज बंद असतो, लाकडावर बोट आपटल्यासारखा. दोरा आणखी थोडा सरकला की तार किरकिरते. आणि मग एका जागी, जिच्या अलीकडे-पलीकडे काहीच नसते, आवाज फुलासारखा उघडतो आणि खोली भरून जाते. किती वेळा हे केले असेल याची गणती नाही, पण तो क्षण आला की आजही माझा हात तारेवर थबकतो.

दोरा सुताचा असतो आणि आपले गाव सुताचे आहे! नायकाच्या वडिलांचा हात मागात गेला तेव्हा माग थांबला असेल आणि त्यावरची चादर अर्धवट राहिली असेल. जकार्डची, म्हणजे नक्षीदार विणीची, अर्धवट विणलेली चादर कोणी विकत घेत नाही. ती कापून टाकली असेल आणि आईने तिचा वीतभर तुकडा ट्रंकेत ठेवला असेल. नायकाला मंत्र शिकवणारा वृद्ध गुरू, जटा आणि गुहा यांतले काहीही नको. तो तुकडा उसवू द्या. चादरीचे सूत जवारीसाठी जाड पडते, म्हणून त्याचा पीळ उलगडून एकेक पदर वेगळा करावा लागेल. रात्री दिव्याखाली बसून नायक तो पदर नखाने सोडवतो आहे, हे दृश्य तुमच्या पहिल्या मृत्यूपेक्षा जास्त थरारक होईल, अशी माझी खात्री आहे. शिवाय जवारीचा दोरा काही दिवसांनी तारेच्या दाबाने चपटा होतो आणि बदलावा लागतो. म्हणजे वीतभर चादरीत जेवढे पदर, तेवढीच जादू. तिसऱ्या मृत्यूला वाचक कंटाळला, कारण नायकाची शक्ती संपणारी नव्हती. ट्रंकेतला तुकडा कमी होत चालला की वाचक स्वतःच पदर मोजू लागेल.

येथे संगीताच्या सुडाची खरी अडचण समोर येते आणि तुमच्या हस्तलिखितात तिला कुठेच हात घातलेला नाही. तलवार एकाला लागते, पण सूर खोलीतल्या सगळ्यांपर्यंत पोहोचतो. जर्मनीतल्या हॅमेलिन गावाची दंतकथा जगभर सांगितली जाते. उंदीर घालवणाऱ्या बासरीवाल्याची मजुरी गावाने बुडवली, तेव्हा त्याने बासरी वाजवून गावातली मुले नेली. तिथली परंपरा ते साल १२८४ आणि मुलांची संख्या १३० सांगते. मजुरी बुडवली मोठ्यांनी आणि गेली मुले. सुरांना निवड करता येत नाही, म्हणूनच ती कथा इतकी शतके अंगावर काटा आणते. तुमच्या कादंबरीत तबलजी, पेटीवाला, चहा आणून देणारा पोऱ्या हे सगळे त्याच दालनात बसलेले आहेत आणि दिवे विझल्यावर त्यांचे काय झाले, याविषयी एक ओळही नाही.

म्हणून एक नियम घाला आणि तो शेवटपर्यंत मोडू नका: ज्याचा हात त्या सुताला लागला आहे, त्यालाच तो पंचम ऐकू येईल. त्या चादरीवर नफा मोजणारा मालक, माग दुरुस्त न करता चालू ठेवायला लावणारा मुकादम, हजेरीचे पान बदलणारा हिशेबनीस, खोटा दाखला देणारा डॉक्टर आणि साक्ष फिरवणारा शेजारच्या मागावरचा कामगार. डॉक्टरचा हात सुताला कसा लागेल, असे विचाराल तर जखमेत रुतलेले धागे त्यानेच चिमट्याने काढले होते. पण हा नियम पाचांवर थांबत नाही. त्या सुताच्या कांड्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळलेल्या नळ्या, कोणी भरल्या होत्या? नायकाच्या आईने. पूर्व भागात किती घरांतून बायका कांड्या भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे मुलगा जितक्या वेळा तंबोरा छेडेल तितक्या वेळा तो पंचम आईलाही ऐकू येणार, ती अंतराने कितीही दूर असली तरी. आणि पीळ उलगडणाऱ्या नायकाच्या बोटांचे काय? तुमच्या कादंबरीचा दुसरा अर्धा भाग या प्रश्नातून उभा राहील.

तो पंचम ऐकणाऱ्याचे नेमके काय होते, हेही बदलायला हवे. आग, दिवे विझणे, नाकातोंडातून रक्त येणे हे सगळे काढून टाका, कारण मारवा असे काही करीत नाही. मारवा काय करतो, ते मी एकदा जवळून पाहिले आहे. सुमारे ३० वर्षांपूर्वी एका श्रीमंत घरी माझ्या गुरुजींची सायंकाळची बैठक होती. यजमानांनी आम्हाला चपला काढतात तिथल्या ओट्यावर दीड तास बसवून ठेवले आणि बैठक सुरू होताना ‘जेवणे व्हायची आहेत, जरा आटोपते घ्या’ असे पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगितले. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मारवा सुरू केला आणि षड्जावर यायचेच टाळले. रिषभाभोवती फिरले, धैवतावर थांबले, निषादावरून षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पुन्हा मागे वळले. मी मागे तंबोऱ्यावर होतो, त्यामुळे मला सगळी माणसे समोरून दिसत होती. यजमान तीनदा पाण्याला उठले. एक पाहुणे घड्याळ कानाला लावून पाहत होते. कोणाला काही कळत नव्हते आणि कोणाला स्वस्थही बसवत नव्हते. बऱ्याच वेळाने गुरुजी षड्जावर आले तेव्हा साऱ्या दालनाने एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला. परतताना गुरुजी मला म्हणाले, ‘आज मी मारव्याचा अपमान केला.’ पुढे कित्येक महिने त्यांनी मारव्याला हात लावला नाही.

षड्ज म्हणजे घर. ज्याला तो नसलेला पंचम ऐकू आला, त्याचा षड्ज हरवतो, एवढेच घडू द्या. तुमचा हिशेबनीस मैफल संपवून निघतो आणि त्याला स्वतःचे घर सापडत नाही. मधला मारुती, चाटी गल्ली, टिळक चौक हे सगळे तो ओळखतो, पण आपल्या दारासमोर उभा राहूनही ते दार आपले आहे हे त्याला पटत नाही. पंख्याच्या घरघरीत, रिक्षाच्या इंजिनात, देवळाच्या घंटेत त्याला तोच एक स्वर ऐकू येत राहतो. पहाटे तो सात रस्त्यावर उभा सापडतो आणि सातही रस्ते त्याला परकेच वाटतात. मरण नको. मेलेल्याचा सूड तिथेच संपतो, पण हा माणूस पुढच्या प्रकरणातही रस्त्याने फिरताना दिसेल आणि नायकाला त्याच्या समोरून जावे लागेल.

गुरुजींच्या त्या वाक्यावरून मी किमतीच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या परंपरेत राग हे हत्यार नाही, राग ही व्यक्ती आहे. नारदाची एक जुनी कथा आहे. गाण्याचा गर्व झालेल्या नारदाला वाटेत हातपाय तुटलेले स्त्री-पुरुष भेटतात आणि चौकशी केल्यावर कळते की ते राग-रागिण्या आहेत आणि नारदाच्या बेसूर गाण्याने त्यांची ही दशा झाली आहे. तानसेनाच्या दीपकाची दंतकथाही तेच सांगते. त्या आगीने शत्रू भाजला नाही, गाणाऱ्याच्या अंगाचाच दाह झाला आणि वडनगरच्या ताना-रीरी या बहिणींनी मल्हार गाऊन तो शमवला, असे सांगतात. या दोन्ही कथा तुमच्या नायकाच्या घरच्या आहेत, त्या वापरा. प्रत्येक सुडानंतर मारव्याचा एकेक स्वर त्याच्यापासून दूर जाऊ द्या. आधी निषाद निसटतो, मग गंधार. त्याचा गळा आणि हात शाबूत असतात, पण तो स्वर त्याच्याकडे यायला तयार होत नाही. पाचव्या वेळी त्याच्याकडे रिषभ आणि षड्ज एवढेच उरले असतील, तर तो काय गाईल, हा विचार करताना मला स्वतःलाच ते पान वाचायची ओढ लागली आहे.

नायकाला मुख्य गायक करू नका, हेही सांगून ठेवतो. तो मागे तंबोऱ्यावर बसणारा असावा. मैफलीत सगळे गायकाकडे पाहतात, तबल्याला दाद देतात, पण तंबोऱ्यावरच्या मुलाचा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही. सूड घेणाऱ्याला याहून चांगली जागा कोणती? आणि पुढे बसलेला गायक, ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, त्याचा मारवा रोज थोडा थोडा का बिघडतो आहे म्हणून तळमळत राहील. त्या निरपराध माणसाचे दुःख नायकाला पाठीमागून दिसत राहील.

स्थळाच्या बाबतीत थोडेच सांगायचे आहे. तुम्ही पहिल्याच प्रकरणात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, सातही नंदीध्वज, होम मैदान आणि शोभेचे दारूकाम असे सगळे आणले आहे, ते पाहुण्याने फोटो काढल्यासारखे झाले आहे. त्यातले एकच ठेवा. संक्रांतीच्या त्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडत असताना, बाराबंदी या पांढऱ्या पारंपरिक पोशाखातल्या त्या गर्दीत उभ्या असलेल्या आईला तो पंचम प्रथम ऐकू यावा. हजारो माणसांच्या जयघोषात तिला एकटीलाच तो ऐकू येतो आणि हे काय आहे हे तिला तत्क्षणी कळते, कारण माग थांबल्यानंतरच्या शांततेत तिने तो आधी एकदा ऐकलेला आहे. ती घरात तेलुगू बोलत असेल तर त्या क्षणी तिच्या तोंडून निघणारा शब्द तेलुगूच असू द्या. बाकी तंबोऱ्याचा भोपळा कुठला, एवढे लिहिलेत तरी भूगोल पुरेसा होईल. मिरजेचे कारागीर ज्या भोपळ्यांपासून तंबोरे घडवतात, त्यांतले कितीतरी आपल्याच जिल्ह्यातले, भीमेच्या काठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे असतात. आणि उन्हाळ्यातली मैफल लिहाल तेव्हा हे विसरू नका की ४० अंशांच्या पुढे गेलेल्या आपल्या उन्हात गार खोलीतून मांडवात आणलेला तंबोरा बघता बघता उतरतो. मिळवलेली तार ढिली पडते आणि नायकाचा डाव तेवढ्या एका कारणाने फसू शकतो.

शेवटी पाचव्या माणसाविषयी. तुमच्या आराखड्यात तो मालक आहे आणि त्याच्यासाठी सर्वांत मोठा राग, सर्वांत मोठी आग योजलेली आहे. माझ्या मते पाचवा मुकादम असावा. ज्याने ४० वर्षे यंत्रमागांच्या खटखटाटात काढली, त्याचे कान जातात. आधी वरचे, बारीक आवाज जातात आणि मग माणसांचे बोलणे धूसर होत जाते. या शहरात असे म्हातारे गल्लोगल्ली आहेत, ते ओठांकडे पाहून उत्तर देतात. नायक शेवटचा पदर घोडीवर चढवतो, तंबोरा छेडतो आणि मुकादमाला काहीच ऐकू येत नाही. तो नुसता हसतो आणि हे वाद्य किती सुंदर आहे, असे खुणेने सांगतो.

त्या प्रकरणात जादूचा एकही शब्द लिहू नका. मुकादमाला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवू द्या. शिकवताना लहान मुलांना मी हेच करायला सांगतो. कान भोपळ्याला लावला, हात ठेवला की आवाज हाडांतून वर चढतो आणि कानांनी नाकारलेले अंगाला कळते. मुकादमाच्या तळहाताला आधी तंबोरा कळणार नाही, माग कळेल. आडवे सूत नेणाऱ्या धोट्याची ये-जा, मग एक ठोका चुकणे, मग थांबणे. तो हात काढून घेत नाही. नायकाजवळ उरलेला स्वर रिषभ आहे आणि त्याच्या खाली अगदी लगटून षड्ज आहे, ज्यावर तो संपूर्ण कादंबरीत एकदाही उतरलेला नाही. त्याने उतरावे की नाही, ते तुम्ही ठरवा. मात्र ते ठरवण्याआधी एकदा खराखुरा तंबोरा मांडीवर घेऊन बसा, घोडीवरचा दोरा स्वतःच्या बोटाने सरकवून पाहा आणि ते पान त्याच रात्री लिहा.